खलासी गुरुजी

सोमाजी लांजेवारचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा आमची ओळख होऊन वर्ष होत आलं होतं. म्हातारा आता काहीबाही लिहायला लागला असं कुणाला वाटेल, पण खरंच तसं होतं. भिलाईचा कारखाना उभा राहत होता त्या दिवसांत मी क्रेन चालवायचो. वर केबिनमध्ये मी, आणि खाली शेडच्या मधोमध मान वर करून उभा असलेला तो. मध्ये एवढा गोंगाट की स्वतःचं खोकणं स्वतःला ऐकू येऊ नये. तिथं माणसं हातांनी बोलायची. तर्जनी वर करून गोल फिरवली की उचल. तीच खाली करून फिरवली की उतरव. चिमूट दाखवली की हळू. मूठ बंद केली की जिथं आहेस तिथंच थांब. एवढ्या चार-पाच खुणांवर अख्ख्या शेडचे खांब उभे राहिले.

असं वजन दोराला बांधून उचलणाऱ्या आणि जागेवर बसवणाऱ्या माणसाला आमच्याकडे खलासी म्हणतात. जहाजाशी त्याचा काही संबंध नाही. भिलाईहून समुद्र शोधायला निघालात तर चपला झिजतील. सोमाजी खलासी होता आणि मी पाहिलेल्या सगळ्या खलाशांत अबोल होता. बाकीचे शिट्ट्या फुंकायचे, हात पाय नाचवायचे, वर बघून शिव्या द्यायचे. हा प्रत्येक उचलीआधी दोन्ही तळवे पँटला पुसायचा, मग ते उघडे करून मला दाखवायचा. दोन्ही रिकामे. मगच तर्जनी वर जायची. मला वाटायचं, हा कसला तरी नमस्कार असावा. देवभोळा दिसतोय बिचारा.

पुढं कँटीनमध्ये गाठ पडली तेव्हा मी विचारलं. तो चहाच्या ग्लासाकडे बघत म्हणाला, "तुमाले दिसाले पाह्यजे ना भाऊ, का माह्या हातात काई नाई. बिडी नाई, तंबाकू नाई. आता हे दोनी हात तुमचेच हाये."

हाच त्याचा मी ऐकलेला पहिला आवाज. हातांच्या मानानं फारच बारीक आवाज होता. मी रायपूरचा, आमच्या घरी तीन पिढ्यांपासून छत्तीसगढी पाण्याची मराठी. हा गोंदियाच्या पलीकडच्या खेड्यातून आलेला, धानाच्या बांध्यांतून सरळ कारखान्यात. मी वयानं आणि पगारानं थोडा वरचा, म्हणून मी त्याला अरे म्हणायचो आणि तो मला भाऊ.

त्याचा एक नियम होता. वजन अधांतरी असताना हुकावरून नजर काढायची नाही. आभाळ कोसळलं तरी नाही. एकदा एक मोठं गर्डर हवेत असताना कुणीतरी धावत आलं आणि त्याच्या कानाशी ओरडायला लागलं. मला वरून फक्त त्या माणसाचं तोंड हलताना दिसत होतं. सोमाजीची मान तसूभर हलली नाही. चिमूट, चिमूट, खाली, मूठ. गर्डर बसलं, दोर सैल झाला, मग त्यानं त्या माणसाकडे वळून विचारलं, "काय मनत होता गा तू?" तो माणूस सांगत होता की कौसल्यावहिनी, म्हणजे सोमाजीची बायको, बाळंत झाल्या आणि मुलगी झाली. हे कळल्यावर सोमाजी मटकन खाली बसला. पुढची उचल दुसऱ्या खलाशानं केली. कौसल्यावहिनींनी ही गोष्ट त्याला जन्मभर ऐकवली. "आमच्याहून लोखंड मोठं ह्यायले," म्हणायच्या.

कोणतीही गोष्ट ठरायची राहिली असली की तो म्हणे, "माल लटकून हाये." भाकरी तव्यावर असली तरी माल लटकून हाये. पाऊस येईल की नाही हेही लटकूनच. एका सोमवारी तो कँटीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "भाऊ, माह्या जिवाचाच माल लटकून हाये."

त्याचं झालं होतं असं. रशियातून यंत्रं यायची ती भल्यामोठ्या लाकडी खोक्यांतून. खोकी रिकामी झाली की त्या फळ्यांसाठी झुंबड उडायची. अर्ध्या भिलाईची दारं, पलंग आणि कोंबड्यांची खुराडी त्या लाकडाची होती. सोमाजीनं सुटीच्या दिवशी त्याच फळ्या जोडून अंगणात एक बाक करायला घेतलं. त्याची खटपट बघायला आजूबाजूची पोरं जमली. एक तेलुगू, दोन पंजाबी, एक बंगाली, बाकी छत्तीसगढी आणि आपल्याकडची. कुणाला कुणाची भाषा धड येत नव्हती. शाळा नव्या निघत होत्या, पण माणसं रेल्वेच्या डब्यांतून उतरत होती तेवढ्या वेगानं शाळा कशा निघणार? सोमाजीनं खिळे मोजायला पोरांना बसवलं. खिळे संपले तशी चिंचोके आले. दोन-तीन रविवारांत अंगण भरलं. एका मोठ्या फळीला त्यानं कोळसा आणि पाल्याचा रस चोळून काळं केलं आणि तो त्याचा फळा झाला. ओल्या फडक्यानं पुसला की खालची रशियन अक्षरं पुसट दिसायची.

मी एकदा मुद्दाम बघायला गेलो. पोरं चिडीचूप बसलेली. सोमाजीनं तर्जनी वर फिरवली, सगळी उभी राहिली. खाली फिरवली, बसली. मूठ बंद केली, एकाची हाक अर्ध्यातच गिळली गेली. बोटांनी बेरजा, हातांनी वजाबाक्या. पाच भाषांची पोरं आणि मास्तर एक शब्द बोलत नाही. मी हसत हसत म्हणालो, "सोमाजी, तू तर इथंही क्रेनच चालवून राहिलास." त्याला ते फार आवडलं.

कामगारांच्या कॅम्पातल्या लोकांनी वर्गणी काढून एक टिनाच्या शेडमधली शाळा सुरू केली होती. तिथल्या हेडमास्तरांच्या कानावर हा प्रकार गेला. त्यांनी सांगितलं, जागा आहे, पण आधी मॅट्रिक व्हा आणि मग ट्रेनिंग करा, त्याशिवाय पक्की नोकरी देता येणार नाही. सोमाजी मिडलपर्यंत शिकलेला. तो कामाला लागला. कँटीनमध्ये चहा थंड व्हायचा आणि हा हिंदीचं व्याकरण पाठ करत बसायचा. पहिल्या खेपेला इंग्रजीनं त्याला आडवं केलं, दुसऱ्या खेपेला तो कसाबसा मॅट्रिक झाला. पेढे वाटले. इथपर्यंत सगळ्यांना कौतुकच होतं.

खरा घोळ पुढं होता. ट्रेनिंग दुर्गला, वर्षभराचं, दिवसाचं. खलाशाला गुरुजी व्हायला वर्षभर रजा देण्याची सोय जगात कुठल्या कारखान्यात असते? नोकरी सोडावी लागणार होती. नोकरी सोडली की कारखान्याचं क्वार्टर जाणार. क्वार्टर म्हणजे पक्क्या भिंती, वीज आणि घरात नळ. ट्रेनिंगच्या काळात हातखर्चापुरता स्टायपेंड मिळायचा, आणि एवढं सगळं करून गुरुजी झाल्यावर पगार किती, तर खलाशाच्या पगाराच्या जेमतेम अर्धा. अख्खा मुलूख कारखान्यात शिरायला धडपडत होता आणि हा दाराबाहेर पडायच्या गोष्टी करत होता. मी त्याला स्पष्ट सांगितलं की तुझं डोकं फिरलंय.

"फिरलं ते फिरलं," तो म्हणाला. "पन भाऊ, खांब आपन उभे केले, ते उभेच राह्यतीन. त्याईले माही गरज नाई आता. ते पोट्टे दर रविवारी दारात येऊन उभे राह्यते."

त्याचे वडील गावाहून आले. भिलाईच्या पावर हाउस स्टेशनावर त्यांना घ्यायला मीही गेलो होतो, कारण त्यांच्यासोबत नव्या तांदळाचं पोतं होतं आणि सोमाजीची सायकल पंक्चर होती. म्हातारा काटक, डोक्याला पागोटं, शब्द मोजका. धाकट्या मुलाची सोयरीक त्यांनी थोरला भिलाईत आहे या एका गोष्टीवर जमवत आणली होती. क्वार्टरमध्ये आल्यावर त्यांनी पाय धुवायला नळ सोडला. पाय धुऊन झाले तरी नळ चालूच ठेवला. बंद केला, परत सोडला, परत बंद केला.

"हे सोडून जाशीन तू?" त्यांनी विचारलं.

सोमाजीनं पाय पुसायला पंचा पुढं केला.

"तुह्या मायनं जिंदगीभर नदीवून पानी आनलं. सुनेच्या घरात नळ आला मनून साऱ्या गावाले सांगत फिरली ते. आता म्या जाऊन काय सांगू? कावून सोडून राहिला, तेवढं तरी सांग."

सोमाजीला बोलता यायचंच नाही. तो उभा राहून तळवे पँटला पुसत राहिला. म्हातारा दुसऱ्या दिवशीच्या पॅसेंजरनं परत गेला, आणि जाताना पोतं मात्र ठेवून गेला.

कौसल्यावहिनींनी कितीतरी दिवस नवऱ्याशी बोलणं टाकलं होतं. त्यांचा राग मला रास्त वाटत होता आणि आजही वाटतो. कडेवर मूल, हाताशी नळ, दारात विजेचा खांब, हे त्यांनी काही मागून घेतलेलं नव्हतं, पण मिळालेलं सोडायला कोण राजी असतं? मग एके दिवशी त्या आमच्याकडे आल्या आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "वो बाई, तुमच्या घरातलं ते भात शिजवाचं मोठं गंज द्याल काय मले? डबे सुरू करून राहिली म्या." बायको चकित. वहिनी म्हणाल्या, "ते त काई आयकत नाई. मंग उपाशी मरावं काय? पानी म्या डोक्शावर आनीन. पन हे नोकरी सोडून घरात तोंड लटकवून बसले, तर ते मले नाई चालाचं. शिकाचं त धड शिका."

कारखान्यालगतच्या मरोदा गावात एक खपरेलाचं, म्हणजे कौलारू, घर भाड्यानं घेऊन ती तिघं राहायला गेली. बाक आणि फळाही सोबत गेला, आणि पोरंही तिथंच यायला लागली. क्वार्टर सोडताना कौसल्यावहिनींनी नळाची तोटी आत-बाहेरून चिंचेनं घासली. माझी बायको म्हणाली, "अहो, आता दुसऱ्याच्याच घरात जायचा ना तो नळ?" वहिनी म्हणाल्या, "जाऊ द्या. पन माह्या हातून घान नाई जाले पाह्यजे."

कारखान्यातल्या एकट्या राहणाऱ्या पोरांसाठी वहिनींचे डबे जायला लागले. केरळच्या पोरांना भात कमी पडायचा, पंजाब्यांना पोळ्या बारीक वाटायच्या आणि वहिनींच्या झणझणीत रश्श्यानं बंगाल्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. डबा मात्र कुणी बंद केला नाही. सोमाजी पहाटे उठून विहिरीचं पाणी भरून द्यायचा, डबे पोचवायचा आणि मग तिथूनच सायकल मारत दुर्ग. संध्याकाळी रिकामे डबे हँडलला वाजत परत. ट्रेनिंगच्या वर्गात तो सगळ्यात थोराड. बाकीची पोरं त्याला काका म्हणायची.

लेखी परीक्षा त्यानं पार पाडली. शेवटी राहिला परीक्षेचा पाठ. दुर्गच्या एका शाळेत, अनोळखी वर्गावर, मागं परीक्षक बसलेले. परीक्षक म्हणजे काळ्या टोपीतले, अत्यंत सभ्य असे एक वयस्कर गृहस्थ. विषय गणिताचा. सोमाजीनं फळा पुसला, तळवे पँटला पुसले, वळला, आणि सगळं डोकं रिकामं झालं. त्याला आठवलं ते फक्त शरीराला माहीत होतं तेवढं. त्यानं ओठ मिटले, नजर वर छताकडे लावली आणि तर्जनी गोल फिरवली.

भिलाईच्या त्याच्या अंगणात सगळी पोरं उभी राहिली असती. दुर्गची पोरं बसून राहिली. त्यांना काय माहीत? सोमाजीनं परत बोट फिरवलं. एक पोरगं छताकडे बघायला लागलं, मग दुसरं, मग सगळा वर्ग मान वर करून छताला काय झालंय ते शोधायला लागला. सोमाजीनं मूठ बंद केली. मूठ बंद करून तो तसाच उभा राहिला आणि घंटा होईपर्यंत त्याच्या तोंडून एक अक्षर फुटलं नाही.

हे त्यानं स्वतः मला सांगितलं. कारखान्याच्या फाटकाबाहेर, चहाच्या टपरीवर. मला हसू आवरेना, तरी मी त्याच्यासाठी आणखी एक चहा सांगितला. परीक्षक रागावले नव्हते. त्यांनी त्याला बाजूला बसवून पाणी दिलं आणि म्हणाले, "लांजेवार, आपके हाथ अच्छे हैं। मगर बच्चे आपसे कुछ पूछ नहीं पाए। लोहा नहीं पूछता, बच्चा पूछता है।" सहा महिन्यांनी परत पाठ द्यायचा होता, या खेपेला विज्ञानाचा. स्टायपेंड तोवर संपलेला.

"बरोबर बोलले ते," सोमाजी म्हणाला. "माह्या अंगनातले पोट्टेबी कधी काही इचारत नाई. म्या मूठ दाखवतो ना."

त्याच आठवड्यात आमच्या फोरमननं मला बोलावून घेतलं. नव्या भट्टीचं काम सुरू होतं आणि चांगले खलासी मिळत नव्हते. "तुम्हारे दोस्त को बोलो, आ जाए। क्वार्टर भी दिलवा देंगे," ते म्हणाले. मी सायकल काढून तडक मरोद्याला गेलो. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. मला माझा खलासी परत हवा होता. त्याच्यानंतर दोन-तीन आले, पण त्यांच्या हातांवर माझा जीव बसत नव्हता.

अंगणात शिरलो तर कौसल्यावहिनी भाजी निवडत बसलेल्या, मुलगी मांडीशी, आणि समोर त्या रशियन फळ्याजवळ सोमाजी उभा. वहिनींना अक्षर येत नव्हतं. येत्या पाठाची तालीम म्हणून तो त्यांना नळाला पाणी कसं येतं ते समजावून सांगत होता. हिंदीत.

"पानी ऊंची टंकी में रहता है," सोमाजी.

"कावून?" वहिनींनी मेथीची काडी मोडत कारण विचारलं.

"ऊंचा रहेगा तो नीचे जोर से आएगा।"

"कावून जोरात येईन?"

सोमाजी थांबला. त्याची मूठ आपोआप वळायला लागली. वहिनींनी मान वर न करता सांगितलं, "मूठ नोका दाखवू मले. सांगा. कावून जोरात येईन?"

त्यानं मूठ सोडली. घसा खाकरला. मग तो बोलायला लागला. अडखळत, अर्धं हिंदी, अर्धं मराठी, विहिरीतली भरलेली बादली ओढताना हाताला जो भार लागतो तो आठव, म्हणाला. वहिनी ऐकत होत्या. समजलं तेव्हा म्हणाल्या, "हं." नाही समजलं तेव्हा परत "कावून". मी दारातच उभा राहिलो. माणूस घामाघूम झाला होता; एवढा घाम मी त्याला वैशाखातल्या शेडमध्येही आलेला पाहिला नव्हता.

मग मी फोरमनचा निरोप सांगितला. तो सांगताना माझाच आवाज बारीक झाला. सोमाजीनं बायकोकडे पाहिलं. क्वार्टर, नळ, पगार, धाकट्या भावाची लटकलेली सोयरीक, सगळं त्या एका निरोपात होतं. वहिनी निवडलेली मेथी सुपात झाडत होत्या. मला वाटलं, आता म्हणतील, चला.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमच्या सायबाले सांगा, बिमार हाये मनावं सहा महिने. बोलता येत नाई, त्याचा इलाज सुरू हाये."

सोमाजी हसला. मी त्याला तसं मोकळं हसताना पहिल्यांदा पाहिलं. मग मलाही हसू आलं, आणि आलो होतो कशाला आणि हसतोय कशाला असं होऊन मी बाकावर बसलो आणि चहा घेऊनच उठलो.

ते सहा महिने कठीण गेले. जामुलकडे नव्या कारखान्याचं बांधकाम निघालं होतं, तिथं तो रोजीनं जायचा. पण संध्याकाळी अंगणात वर्ग भरायचा आणि त्यात कौसल्यावहिनी पोरांच्या मागं पोळ्या लाटत बसायच्या. त्यांचं बघून पोरंही विचारायला शिकली. पहिला प्रश्न विचारला तो त्या तेलुगू पोरानं. फळ्याखालच्या अक्षरांत काय लिहिलंय? सोमाजीनं सांगितलं, मला येत नाही. येत नाही असं गुरुजींना म्हणता येतं याचं पोरांना इतकं नवल वाटलं की त्यांनी प्रश्नांचा भडिमार केला.

दुसऱ्या पाठाच्या दिवशी मी रजा टाकून दुर्गला गेलो. वर्गाच्या खिडकीबाहेर एक कडुलिंब होता, त्याखाली सायकल टेकवून उभा राहिलो. आत तेच काळ्या टोपीचे परीक्षक. मला सोमाजी दिसत नव्हता, त्याच्या खुणा दिसत नव्हत्या. इतकी वर्षं मी त्याला फक्त बघितलं होतं, आज नुसतं ऐकायचं होतं. आधी काहीच ऐकू आलं नाही. माझ्या तळव्यांना घाम आला आणि मी ते पँटला पुसले. मग आतून तो बारीक आवाज आला.

"बच्चो, नल में पानी कहां से आता है?"

पोरं बोलायला लागली. तो बोलला. टाकी, उंची, जोर, बादलीचा भार. कुणीतरी क्यों म्हटलं, त्यानं सांगितलं. परत क्यों, परत सांगितलं. मग एका पोरीचा आवाज आला, "गुरुजी, हमारे घर में नल क्यों नहीं है?"

मला त्याची मूठ वळताना जणू डोळ्यांसमोर दिसली.

"हमारे घर में भी नहीं है," सोमाजी म्हणाला. "पहले था। हमने छोड़ दिया।"

"क्यों छोड़ दिया?"

हाच प्रश्न त्याच्या बापानं विचारला होता. तेव्हा त्याला उत्तर देता आलं नव्हतं. मी खिडकीचा गज धरून उभा होतो.

"यहां आने के लिए," तो म्हणाला. "तुम लोग पूछोगे, और हमको बताना पड़ेगा, इसके लिए।" आणि मग लगेच, "चलो, अब तुम लोग एक टंकी बनाओ। बताओ, कितनी ऊंची रखोगे?"

वर्गात एकच कालवा झाला. प्रत्येकाला आपली टाकी सगळ्यात उंच हवी होती. मी सायकलच्या सीटवर डोकं टेकवलं आणि डोळे पुसले. हे सांगायला मला कसली लाज?

तो पास झाला. टिनाच्या शेडमधल्या शाळेत पक्का गुरुजी झाला. पगार कमी तो कमीच होता आणि डबे पुढंही बरीच वर्षं चालले. धाकट्याची जमत आलेली सोयरीक मोडली, मग दुसरी जमली, ती गुरुजींचं घराणं म्हणून. वडील पुन्हा एकदा नवं पोतं घेऊन आले. त्यांनी मुलाच्या वर्गात मागं बसून पूर्ण एक तास ऐकला, आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, "लयच बोलते गा हा आता." कौसल्यावहिनी त्याच अंगणात वाचायला शिकल्या आणि वाचता यायला लागल्यावर त्यांचे कावून आणखी वाढले. मी मात्र त्या पाठाच्या दिवसापासून त्याला अहो म्हणायला लागलो. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तो कावराबावरा झाला. "भाऊ, तुमीबी काय?" म्हणाला. मी म्हटलं, "गुरुजी आहात, सवय करून घ्या."

गुरुजींना मी पुढं पुष्कळदा भेटलो, पण आठवतात ते एका दिवसाचे. शाळेची पोरं कारखाना बघायला आली होती. आमच्या शेडमध्ये ती रांगेनं शिरली, मोठ्यांच्या टोप्या डोक्यावर सावरत, आणि पुढं गुरुजी. तेच मधोमध येऊन उभे राहिले, पूर्वी उभे राहायचे तिथंच. केस पांढरे झाले होते. फोरमननं हसून त्यांना हातानं सुचवलं, दाखवा पोरांना. हुक रिकामाच होता. गुरुजींनी वर पाहिलं, तळवे पँटला पुसले आणि दोन्ही मला दाखवले. इतक्या वर्षांनी माझे दोन हात मला परत मिळाले.

तर्जनी खाली फिरली. मी हुक सोडला. चिमूट झाली, मी हळू केलं. हुक अर्ध्यावर आला आणि मूठ बंद झाली. थांब. मी थांबलो. सगळी पोरं मान वर करून बघत होती.

तेवढ्यात एका पोरीनं गुरुजींचा सदरा ओढला. तिला काहीतरी विचारायचं होतं. मला वाटलं, हे काही मान हलवणार नाहीत. लेक झाल्याची बातमी आली तेव्हा ज्यानं हुकावरून नजर काढली नव्हती, तो माणूस हा. पण गुरुजी वाकले. कान तिच्या तोंडाशी नेला, ऐकलं, आणि मग तिथंच उकिडवे बसून तिला काहीतरी सांगायला लागले. तिनं आणखी काही विचारलं. त्यांनी आणखी सांगितलं. दुसरी पोरंही भोवती सरकली. बंद मूठ तेवढी वर धरलेली होती. ती खाली घ्यायची आहे, वर कुणीतरी थांबलंय, हे ते साफ विसरून गेले होते.

मी हुक तसाच अधांतरी धरून बसलो. मला कसलीच घाई नव्हती.